अननसाला सरकारी भाषा येत नाही

वांगसाहेबांच्या नातवाला जगात यायची घाई झाली होती, आणि आल्यावर त्याला ठेवायला काचेची पेटी रिकामी नव्हती. बरं, दवाखाना परका म्हणावा तर तसंही नाही. तिथले सगळ्यांत मोठे साहेब, संचालक, स्वतः वांगसाहेबच. पेट्या भरल्या होत्या त्याही त्यांच्याच कर्तबगारीने, असं सगळा दवाखाना मानत होता. फक्त तोंडावर कोणी बोलत नव्हतं.

मी बोलू शकतो. मी काही त्यांचा नोकर नाही. दवाखान्याच्या फाटकासमोर माझी सोयाबीनच्या दुधाची गाडी आहे. नर्सबाया मला आ-कोंग, म्हणजे आजोबा म्हणतात, आणि गरम दूध पेल्यात पडेपर्यंत माणूस जे बोलून जातो ते तो देवळातही बोलत नाही. मी सांगतो त्यातलं काही लोकांना पटत नाही. त्यांना मी म्हणतो, खोटं असेल तर माझं दूध फाटो. सोयाचं दूध फाटलं की त्याचं टोफू होतं, आणि टोफू दुधापेक्षा लवकर खपतं, हे मी सांगत बसत नाही.

आधी नावाचं सांगतो, कारण सगळा घोटाळा नावातच आहे. वांग हे आडनाव सरकारी भाषेत. आमच्या घरच्या बोलीत तेच ओंग होतं. ओंग म्हणजे भरभराटही. सूर जरा वर-खाली, पण कान एवढा हिशेब ठेवत नाही. आणि 'लाय' म्हणजे ये किंवा आला. आता दोन्ही जोडून म्हणा: ओंगलाय. भरभराट ये, असाही अर्थ झाला, ओंगसाहेब आले, असाही झाला. आणि अननसाला आमच्याकडे पूर्वापार ओंगलायच म्हणतात.

म्हणून आमच्या तैवानात दुकान उघडलं की दारात अननस टांगायचा. निवडणूक लागली की उमेदवाराच्या हातात अननस द्यायचा. नवी सून आली, अननस. आणि म्हणूनच दवाखान्याच्या आवारात अननस आणायचा नाही. ड्यूटीवरची नर्स अननसाच्या गोड वडीकडे बघतसुद्धा नाही. कुणा भाबड्या नातेवाइकाने आभार म्हणून तसला डबा आणलाच, तर तो घेणारीचा चेहरा असा होतो की नातेवाइकाला वाटतं, आपला पेशंट गेला. बाकी धंद्यांत भरभराट म्हणजे लक्ष्मी. दवाखान्यात भरभराट म्हणजे साथ.

त्यातही तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत तर फारच. पाटीवर 'नवजात अतिदक्षता विभाग' असं लांबलचक लिहिलंय, पण आम्ही सगळे नुसतं 'काच' म्हणतो. अमक्याचं बाळ काचेत आहे. वेळेआधी आलेली पोरं तिथे राहतात. काही तर माझ्या गाडीवरच्या भाताच्या गुंडाळीएवढी असतात. नाकात नळी, पायाला तार, डोळ्यांवर पट्टी, वर निळा दिवा. एवढी कच्ची असतात की मधूनच श्वास घ्यायचाच विसरतात. घंटी वाजते, मग सिस्टर पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तळव्याला हलकी टिचकी मारते. पोराला आठवतं, अरे हो, श्वास. आणि घेतं.

तिथली हेडसिस्टर लूबाई. हेडसिस्टरला आमच्याकडे आ-चांग म्हणतात. तिचं पाळण्यातलं नाव काय ते तिच्या नवऱ्यालाही आता आठवत नसेल. तिच्या राज्यात 'निवांत' हा शब्द उच्चारायला बंदी. पेट्या रिकाम्या असल्या तर एवढंच म्हणायचं, की आज कुंड्यांना पाणी घालायला वेळ मिळाला. प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांची एक हिरवी पुडी ठेवलेली. त्या पुडीच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. पुडी हिरवीच हवी. पिवळी किंवा लाल ठेवलीत तर यंत्रही तसलेच दिवे लावून दाखवणार. मुदत उलटायच्या आत बदलायची. मुलांचे डॉक्टर फांग परदेशात शिकून आलेले, भिंतभर प्रमाणपत्रं. पण भुकेने जीव चालला तरी ते त्या पुडीला हात लावत नाहीत. कुणी विचारलं की म्हणतात, माझा विश्वास नाही, पण यंत्राचा असेल तर?

अशा जागी वांग दे-माओ साहेब आले. आधी ते काओश्युंग शहरात कपड्यांच्या एका सातमजली दुकानाचे मुख्य होते. तिथे त्यांनी म्हणे अशी गर्दी जमवली होती की सरकत्या जिन्यावर माणसं चेंगरायची. दवाखान्याच्या मालकमंडळाला वाटलं, हाच माणूस हवा. साहेब पहिल्याच दिवशी काचेत गेले. निम्म्या पेट्या रिकाम्या. त्यांचा चेहरा पडला. हे असं किती दिवस चाललंय, त्यांनी विचारलं. आ-चांगला वाटलं, कौतुक करतायत. ती हात जोडून म्हणाली, देवाच्या दयेने बरेच दिवस झाले, साहेब.

साहेबांनी मालकमंडळाला कळवलं की दुकानातलं सगळ्यांत महागडं कपाट धूळ खात पडलंय आणि नोकरवर्ग त्याबद्दल देवाचे आभार मानतोय.

मग त्यांच्या योजना सुरू झाल्या. जुळ्यांना सवलत. पुन्हा येणाऱ्या आयांना भेटवस्तू. 'आमच्याकडे या' असं म्हणणाऱ्या गुटगुटीत बाळाचं मोठं चित्र, तेही अशा खोलीच्या दारावर जिथे गुटगुटीत बाळ दिसलं तर नर्सबाया त्याला घरी घालवतात. एक परिपत्रकही निघालं: दवाखान्यात घरची बोली बोलू नये, गिऱ्हाइकावर छाप पडत नाही. साहेब स्वतः गावातलेच, त्यांची आई मासळीबाजारात ओरडून कोळंबी विकायची. पण सातव्या मजल्यावर चढता चढता त्यांनी ती बोली कुठल्यातरी जिन्यात टाकून दिली होती. आता त्यांची सरकारी भाषा अशी होती की जीभ टाळूला लावून काढायचा प्रत्येक आवाज बातम्या सांगणाऱ्यासारखा निघायचा.

काचेला नवा रंग दिला, नव्या पेट्या आल्या, आणि उद्घाटनाच्या सकाळी आ-चांग लिफ्टमधून बाहेर पडली तर दाराशी अननसांचा मनोरा. अननसांच्या गावचे, गुआनम्याओचे अस्सल, काटेरी, पिवळेधमक. वर लाल कागदाचे अननस-कंदील. त्यावर पट्टी: भरभराट होवो.

आ-चांग जागच्या जागी थांबली. मागच्या दोघी तिच्यावर आदळल्या.

"साहेब, हे इथे नको," ती म्हणाली.

"का बरं?"

"त्याचं नाव..."

"त्याचं नाव फंगली," साहेब शुद्ध सरकारी भाषेत म्हणाले. "यात कुठे आली भरभराट? उलट 'ली' म्हणजे निघून जाणं. तुम्ही लोक घरची बोली बोलता म्हणून असल्या शंका येतात. परिपत्रक वाचलं नाहीत का?"

"आम्ही वाचलं, साहेब. अननसाने नाही वाचलं. तो गुआनम्याओचा आहे, त्याला सरकारी भाषा येत नाही."

साहेब हसले आणि त्यांनी फीत कापली.

त्या दुपारी पहिली रुग्णवाहिका आली. मी गाडीवरून बघत होतो. मग दुसरी. मग एका बाईला जुळं, जे तिला एक म्हणून सांगितलं होतं. पुढच्या काही दिवसांत अशी रीघ लागली की भोंग्यांच्या आवाजाने माझ्या दुधावर साय धरेना. पेट्या एकेक करत भरल्या. डॉक्टर फांग सांगत होते की यात नवल नाही, शेजारच्या गावातल्या दवाखान्याच्या काचेत पाण्याचा नळ फुटलाय, म्हणून तिकडची सगळी बाळं इकडे वळवतायत. आ-चांग म्हणाली, नळ उद्घाटनाच्याच दिवशी का फुटला ते सांगा. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा दूध मागितलं आणि विषय बदलला.

साहेब मात्र खूश. साहेब काचेत पाय टाकायचे तेव्हा दाराजवळची सिस्टर बाकीच्यांना हळूच खुणावायची, "ओंग लाय", म्हणजे साहेब आले. आणि आपण काय बोलून गेलो ते कळून तोंडावर हात ठेवायची. त्या दिवशी हमखास एखादी पेटी भरायची. शेवटची पेटी भरली तेव्हा साहेबांनी मालकमंडळाला फोन करून सांगितलं की कपाट भरलं. मंडळाने अभिनंदन केलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीला, यी-रूला, सातव्या महिन्यातच कळा यायला लागल्या.

यी-रू शाळेत संगीत शिकवते, बारीक अंगाची, हसरी पोर. तिचा नवरा बो-युआन ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि दिवसाला मोजून चार शब्द बोलतो. त्याने तिला आणलं तेव्हा चारही शब्द संपलेले होते. दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत तिला निजवलं, पाय उंच करून. कळा थोपवायला सलाइनमधून औषध, बाळाची फुफ्फुसं तयार व्हायला इंजेक्शन. डॉक्टर फांगांनी साहेबांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. जितके दिवस बाळ आत राहील तितकं बरं. आईचं पोट ही सगळ्यांत चांगली पेटी, तिला वीजही लागत नाही. पण बाळ आलंच, तर त्याच क्षणी काचेत जागा हवी, श्वासाचं यंत्र हवं. आणि जागा नाही. दुसरीकडे हलवावं तर काओश्युंगशिवाय कुठे रिकामं नाही, आणि वाटेत, हमरस्त्यावर कळा वाढल्या तर तिथे काच कुठून आणणार?

साहेब म्हणाले, एक पेटी रिकामी करा. मी सांगतोय.

डॉक्टर फांग वाद घालत बसले नाहीत. त्यांनी साहेबांना झगा घालायला लावला, हात कोपरापर्यंत धुवायला लावले आणि काचेत एक स्टूल दिलं.

"बसा," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा कोणाला उठवायचं."

साहेब बसले. समोर एक आई बाळाला उघड्या छातीशी धरून होती, वर शाल. बाळाचं डोकं आंब्याच्या कोयीएवढं. पलीकडे एक बाप पेटीच्या खिडकीतून एकच बोट आत घालून बसला होता, आणि आतल्या मुठीने ते बोट धरलं होतं. सातमजली दुकानातला प्रत्येक खण ज्यांना पाठ होता त्या साहेबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग त्या टोकापासून या टोकापर्यंत. मग झगा काढून ते बाहेर आले. आणि बाहेर येताच त्यांना तो मनोरा दिसला.

माणूस शिकला, सातव्या मजल्यावर चढला, तरी आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं कुठे जात नाही. साहेब मनोऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शिपायाला हाक मारली, हे सगळं कचऱ्यात टाक. आ-चांग आडवी आली. बोलावून आणलेला पाहुणा कचऱ्यात टाकत नाहीत, साहेब. त्याचा राग फार वाईट. ज्याने बोलावलं त्यानेच पोटात घालायचा. आणि इथे कापायचाही नाही. फाटकाबाहेर.

अशा रीतीने संचालकसाहेब अननसांची ढकलगाडी घेऊन माझ्या गाडीपाशी आले. मी सुरी दिली. मीठही देऊ केलं, पण घाईत त्यांनी ते नाकारलं. ज्याने कधी बिनमिठाचा अननस पोटभर खाल्लाय त्याला माहीत आहे की तो अननस माणसाला खातो. साहेब खात गेले. कोट काढला, टाय काढला, खात गेले. ओठ सुजले, हनुवटीवरून रस गळतोय, माश्या गोळा झाल्या. गल्लीतली कुत्री बघायला आली आणि कीव येऊन परत गेली. शेवटचा अननस संपला तेव्हा साहेबांची जीभ अशी सोलून निघाली होती की टाळूला लावून काढायचा एकही आवाज त्यांना काढता येईना. ते काहीतरी बोलले. ती सरकारी भाषा नव्हती. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून घरची बोली बाहेर पडली, आणि तीही कोळंबी बाजारातली.

"काका," ते मला म्हणाले, "पाणी द्या. तोंडाचा पार चिखल झाला."

मी दूध दिलं. पिऊन ते फाटकातून आत गेले, आणि त्यांचं पाऊल आत पडतंय तोच मागून भोंगा वाजला. अजून एक रुग्णवाहिका. तिच्यातल्या बाळाला दोन पेट्यांच्या मधल्या फटीत फिरत्या टेबलावर ठेवावं लागलं.

साहेबांनी कंदील जाळले. स्वयंपाकघर तपासलं. एका पोराच्या चड्डीवर अननसाची नक्षी होती, ती जप्त केली. काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी आ-चांग स्वतः खाली उतरून गाडीपाशी आली. साहेब जिभेला थंड दूध लावत तिथेच बसले होते.

"साहेब, एक अननस अजून आत आहे," ती म्हणाली.

"अशक्य. मी सगळं शोधलं."

"सगळे अननस आता एकाच ठिकाणी आहेत, साहेब. आणि ते ठिकाण चालतं-बोलतं आहे. त्यातून त्याचं आडनाव..." तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुधाखालचा विस्तव बघायला वाकलो.

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे.

"म्हणजे मी?"

"तुमचं आडनाव मी ठेवलं नाही हो, साहेब. पण तुम्ही दारातून आत आलात की कुणीही काय म्हणणार? ओंग..." ती थांबली. "पुढचं मी म्हणत नाही. ड्यूटीवर आहे."

मला वाटलं, आता हिची नोकरी गेली. साहेबांनी वर, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं. मग बिल्ला काढून खिशात घातला आणि म्हणाले, ठीक आहे. मी बाहेर बसतो.

आणि बसले. माझ्या गाडीपाशी एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं, ते संचालकांचं कार्यालय झालं. कागद तिथे येऊ लागले आणि दुधाच्या पेल्यांचे गोल शिक्के उमटून परत जाऊ लागले. बैठकीला आलेल्यांना बसायला दुसरं स्टूल नसल्यामुळे बैठका लवकर संपू लागल्या. टाळूला जीभ लागत नसल्याने परिपत्रकं निघेनात. दवाखाना कधी नव्हे इतका नीट चालू लागला, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. स्टूल माझं आहे, फुशारकी वाटेल.

लेकीची खबर कळावी म्हणून बो-युआनने युक्ती काढली. खिडकीत हिरवी पुडी ठेवायची. पुडी दिसतेय तोवर बाळ अजून आत आहे. साहेबांनी स्टूल असं ठेवलं की मान न वळवता खिडकी दिसावी. कुणी बोलत असलं तरी डोळे वर. एका ठेकेदाराला वाटलं, साहेब आभाळाची साक्ष काढतायत. त्याने आपणहून दर कमी केले.

मग काचेतली बाळं एकेक करून घरी जायला लागली. डॉक्टर फांग म्हणाले, शेजारच्या गावातला नळ दुरुस्त झाला. आ-चांगने कुंड्यांना पाणी घातलं. घरी जाणारं प्रत्येक बाळ माझ्या गाडीवरूनच जातं. साहेब उठून उभे राहायचे आणि त्या गाठोड्याला कमरेत वाकून नमस्कार करायचे. आया घाबरून गाठोडं घट्ट धरायच्या. पण पहिल्या रिकाम्या पेटीत फटीतलं बाळ गेलं, बाकीच्यांत इथेच जन्मलेली नवी बाळं आली, आणि पेट्या मात्र अजून सगळ्या भरलेल्याच.

एका सकाळी तो एका बोटाचा बाप पायऱ्या उतरला. बरोबर बायको, तिच्या छातीशी बाळ, बापाचं बोट अजून बाळाच्या मुठीत. साहेब वाकले. सरळ झाले आणि वर पाहिलं.

खिडकीत पुडी नव्हती.

संचालकसाहेब धावले. फाटकापर्यंत धावले आणि फाटकाच्या लोखंडी पट्टीशी असे थांबले, जणू पुढे कडा आहे. एक पाय उचललेला, तो तसाच. मी त्या पायाखाली स्टूल सरकवलं. किती वेळ गेला ते मला विचारू नका. माझं दूध उतू गेलं एवढं खरं, आणि ते मी पहिल्यांदाच होऊ दिलं.

शेवटी बो-युआन पायऱ्यांवर दिसला. हातात हिरवी पुडी.

"झालं," तो म्हणाला. "मुलगा. काचेत आहे." मग त्याने उद्या-परवाचे शब्दही खर्च केले. "यी-रू ठीक. पुडी यंत्रावर ठेवायची राहिली." आणि तो तसाच उलट्या पावली पळाला.

जागा होती. सकाळीच रिकामी झालेली. पेटीवर कार्ड लागलं: वांग यी-रू यांचा मुलगा. आमच्याकडे काचेतल्या बाळाला आईच्या नावाने ओळखतात, आणि लेक लग्नानंतरही आडनाव बदलत नाही. तेव्हा नातूही ओंगच. पण तो आतच जन्मला, बाहेरून आला नाही, त्यामुळे चालेल, असा आ-चांगने निकाल दिला.

आता प्रश्न आजोबांचा. काही दिवस गेले. यी-रू चाकाच्या खुर्चीतून बाळाला बघून यायची, नळीतून दूध कसं जातं ते बघायची, छातीशी धरायची. एक दिवस तिने आ-चांगला सांगितलं, माझ्या बाबांना बाळ बघायचंय. आ-चांग म्हणाली, कोण नाही म्हणतंय, पण त्यांनी आत यायचं कसं? ते आले की...

यी-रू संगीत शिकवते, तिला उलटसुलट सुरांची सवय. ती म्हणाली, येऊ नका म्हणावं. जाऊ दे त्यांना. उलट्या पावली.

आणि तसंच ठरलं. तोंड रस्त्याकडे, पाठ दवाखान्याकडे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस निघालाय. म्हणजे ओंग आला नाही, ओंग निघाला. पण मग काचेत गेल्यावरही तोंड दाराकडेच ठेवावं लागणार. वळले तर आल्यासारखं होईल. मग नातू दिसणार कसा?

"आ-कोंग, तुमचा आरसा द्या," आ-चांग रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली. मी गाडीमागे दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण. तिने आरसा उचलला आणि गेलीसुद्धा.

पुढचं मी पाहिलं नाही, पण पाहिलेल्या सहा जणींनी सांगितलंय, आणि सहाही जणींचं एकमेकींशी जुळत नाही, तेव्हा खरंच असणार. आरसा स्पिरिटने पुसला. साहेबांना झगा, टोपी, हात धुणं. मग बो-युआन त्यांचे खांदे धरून मागे मागे चालवत घेऊन गेला, जिना, वळण, सगळं. ओळीने उभ्या नर्सबाया गंभीरपणे म्हणत होत्या, साहेब निघाले हं, साहेब निघाले. पेटीपाशी ते थांबले, पाठ करूनच. आरसा खांद्याच्या वर धरला. पाठमोरा नेम लागेना, त्यामुळे आधी छत दिसलं, मग डॉक्टर फांगांचा कान, मग हिरवी पुडी, आणि मग तो.

आरशात एक तळहात उघडला, मिटला.

आणि घंटी वाजली. पोर श्वास विसरलं होतं. अशी घंटी तिथे दिवसातून कितीदा वाजते, आ-चांगचा हात खिडकीतून आत गेलाही होता. पण साहेबांना ते कुठून माहीत? ते गर्रकन वळले. तोंड सरळ पेटीकडे, दोन्ही हात काचेवर, आणि त्या सोललेल्या जिभेने, बाजारातल्या आवाजात, त्यांनी नातवाला हाक मारली.

"ओंग, लाय! लाय रे, लाय!"

टिचकी बसली. पोराने श्वास घेतला. घंटी थांबली.

मग त्या खोलीत कुणीच श्वास घेईना. उलटं चालत आलेल्याने, सरळ तोंडाने, अस्सल घरच्या बोलीत, काचेच्या मधोमध उभं राहून ते म्हटलं होतं, आणि एकदा नाही. सगळ्यांचे डोळे हळूहळू टेबलावरच्या फोनकडे वळले. रुग्णवाहिकेची वर्दी त्यावरच येते. डॉक्टर फांगांचेही डोळे तिकडेच होते, ते नाकारोत.

फोन वाजला.

एका सिस्टरने भिंतीला हात टेकला. साहेबांनी पेटीला असा विळखा घातला की जणू कुणी ती न्यायला आलंय. आ-चांग चालत गेली, फोन उचलला, ऐकलं, आणि डोळे मिटून घेतले.

फोन मी केला होता. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की आरसा कधी मिळेल. अर्धी दाढी तशीच होती, आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं.